यात्रेला निघण्याआधी



आपल्या धर्मग्रामातील काही जण या सप्टेंबरात स्पेनमधील सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथे पायी यात्रेला जात आहेत, हे एव्हाना सर्वांना ठाऊक झाले आहे. भर पावसात, पाठीवर गच्च भरलेली सॅक घेऊन पहाटेच्या मिस्साला येणारी ही मंडळी पाहून सुरुवातीला लोक थबकत. आता सवय झाली. व्हिसा झाला, तिकिटे झाली, नवे बूट दोन महिने चालून पायाला बसवून झाले. परवा त्यांच्यापैकी एकाने विचारले, "फादर, आमची तयारी पूर्ण झाली. आता तुमचा आशीर्वाद तेवढा राहिला. आणखी काही राहिलंय का?" प्रश्न सहज विचारलेला होता, पण त्याचे उत्तर दारात उभ्या उभ्या देण्यासारखे नव्हते. म्हणून ते इथे लिहितो.

ज्यांना या यात्रेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडेसे. संत याकोब म्हणजे जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ. बारा प्रेषितांपैकी पहिला हुतात्मा तोच. हेरोदाने त्याचा तलवारीने वध केला असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे. त्याचे अवशेष कोम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलमध्ये आहेत या श्रद्धेने हजार वर्षांहून अधिक काळ लोक तिथे जात आले आहेत. आपल्या वसईत आगाशीचे चर्च याच संताच्या नावाने आहे. २०२४ या एका वर्षात कोम्पोस्तेलात जवळपास पाच लाख यात्रेकरूंची नोंद झाली. सर्वांत प्रसिद्ध मार्ग फ्रान्सच्या हद्दीतून निघतो, पिरेनीज पर्वत ओलांडतो आणि सुमारे ७८० किलोमीटर चालून कोम्पोस्तेलाला पोहोचतो. त्याला साधारण पाच आठवडे लागतात. ज्यांना तेवढी सवड नाही त्यांनी निदान शेवटचे १०० किलोमीटर पायी चालावे लागते, तरच यात्रेचे प्रमाणपत्र मिळते. सप्टेंबर हा चांगला महिना. ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते, उन्हाचा कडाका उतरणीला लागतो, वाटेवरच्या रिओहा प्रांतात द्राक्षांची तोडणी सुरू होते.

सामानाबद्दल अनुभवी लोक एकच नियम सांगतात: सॅकचे वजन आपल्या वजनाच्या एक दशांशापेक्षा जास्त नको. सत्तर किलोच्या माणसाने सात किलो. ऐकायला सोपे वाटते. पण सात किलोत पाच आठवड्यांचा संसार बसवायला घेतला, की आपल्याला कशाकशाची भीती वाटते ते कळते. जास्तीचे औषध, जास्तीचा टॉवेल, 'लागलाच तर असू द्या' म्हणून घेतलेली प्रत्येक वस्तू म्हणजे एकेक भीतीच.

इथे एक जुना प्रश्न उभा राहतो. तयारी करणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे आहे का? प्रभूने बहात्तर शिष्यांना पाठवले तेव्हा पिशवी नको, झोळी नको, वहाणा नकोत, असे सांगितले. लोयोलाच्या संत इग्नेशियसला या प्रश्नाने फार छळले. १५२३ साली तो जेरुसलेमच्या यात्रेला निघाला आणि इटलीला जाण्यासाठी बार्सेलोनात जहाजाची वाट पाहत होता. त्याला फक्त देवाच्या भरवशावर जायचे होते. जहाजाचा मालक फुकट न्यायला तयार झाला, पण त्याची अट होती, की प्रवासापुरती बिस्किटे तू स्वतःची आणली पाहिजेस. इग्नेशियसच्या मनाची घालमेल झाली. बिस्किटे घेतली तर देवावरचा विश्वास कुठे राहिला? शेवटी त्याने निर्णय आपल्या पापनिवेदन ऐकणाऱ्या गुरूवर सोपवला. गुरू म्हणाला, लागेल तेवढे भिक्षा मागून जमव आणि घेऊन जा. त्याने ते ऐकले. मात्र जहाजावर चढण्यापूर्वी खिशात उरलेली पाच-सहा नाणी त्याने किनाऱ्याजवळच्या एका बाकावर ठेवून दिली. मला या प्रसंगात बिस्किटांपेक्षा आणि नाण्यांपेक्षा ते विचारायला जाणे मोलाचे वाटते. माझी श्रद्धा किती मोठी हे माझे मीच ठरवणार नाही, हे त्याने मान्य केले.

संत थॉमस अक्वायनस या बाबतीत अगदी जमिनीवर पाय ठेवून बोलतात. उद्याची काळजी करू नका हे प्रभूचे वचन ते जाणतात; पण नीतिसूत्रांमधल्या मुंगीचेही नाव घेतात, आणि खुद्द प्रभूच्या शिष्यांजवळ पैशांची थैली होती याचीही आठवण देतात. ज्या गोष्टीची काळजी ज्या वेळी करायची ती त्या वेळी करावी. अवेळी करू नये, आणि तिच्यापायी देवाला विसरू नये. तेव्हा बूट घ्या, फोडांवर लावायच्या पट्ट्या घ्या, औषधे विसरू नका. यात अविश्वास नाही.

मग राहिले काय?

कोम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलमध्ये बाराव्या शतकातला एक हस्तलिखित ग्रंथ आहे, कोडेक्स कॅलिक्स्टिनस नावाचा. (२०११ मध्ये तो चोरीला गेला आणि बरोबर वर्षभराने एका गॅरेजमध्ये सापडला; कॅथेड्रलचाच एक माजी इलेक्ट्रिशियन त्यात पकडला गेला.) या ग्रंथात यात्रेकरूंसाठी एक लांबलचक प्रवचन आहे. त्यात झोळीबद्दल लिहिले आहे, की ती लहान असावी, कारण यात्रेकरूने थोडेच सोबत घ्यावे. आणि तिचे तोंड बांधलेले नसावे, कारण त्यातले गरिबाला देता आले पाहिजे. पण झोळीच्याही आधीची तयारी त्या प्रवचनात सांगितली आहे. ज्यांनी तुझे वाईट केले त्यांना निघण्यापूर्वी क्षमा कर. तुझ्याविषयी ज्यांची तक्रार आहे ती शक्य असेल तर दूर कर. अन्यायाने घेतलेले जवळ असेल तर परत दे. जिथे तुझ्या हातात आहे तिथली भांडणे मिटव. धर्मगुरूची, पत्नीची, ज्यांच्याशी तू बांधलेला आहेस त्यांची परवानगी घे. घराची व्यवस्था लाव. आणि मेलास तर काय, याचीही सोय करून ठेव.

त्या काळी ही शेवटची गोष्ट अतिशयोक्ती नव्हती. वाटेत नद्या, चोर, आजार. आणि जेवढे चालत गेले तेवढेच चालत परत यायचे. परत येईनच याची खात्री नसल्यामुळे माणूस हिशेब पुरे करून निघत असे. आपण विमानाने परत येणार आहोत. परतीच्या तिकिटावर तारीखसुद्धा छापलेली असते. त्यामुळे तयारीतला हा भाग गळून गेला आणि बूट तेवढे राहिले. आपल्या महाराष्ट्रात आषाढी वारीला निघणारा शेतकरी अजून पेरणी उरकून निघतो. शेत तसेच टाकून विठ्ठलाला भेटायला जाणे त्याला पटत नाही. हे शहाणपण आपल्याही ओळखीचे असायला हवे, कारण आपणही वाडीवाले आहोत.

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने वेदीजवळ आणलेल्या अर्पणाबद्दल जे सांगितले ते आपण शेकडो वेळा ऐकले आहे: अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. त्यातल्या दोन गोष्टी कानावरून निसटून जातात. पहिली ही, की तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे प्रभू म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असे म्हणतो. म्हणजे माझ्या बाजूने मन साफ आहे, मी कोणावर राग धरलेला नाही, हे पुरेसे नाही. वहीचे पान त्याच्या बाजूने उघडून पाहायचे आहे. दुसरी गोष्ट अंतराची. हे प्रवचन गालिलात चालले होते आणि वेदी होती एकच, जेरुसलेमच्या मंदिरात. मधले अंतर शंभर किलोमीटरांहून जास्त, चालत किमान तीन-चार दिवसांचे. वेदीसमोर उभे असताना भाऊ आठवला, तर गालिलच्या माणसाने अर्पणाचा प्राणी तिथे सोडून एवढे परत चालत यायचे, समेट करायचा आणि पुन्हा तेवढेच चालत जायचे. ऐकणाऱ्यांनी बोटांवर दिवस मोजले असतील.

आपला भाऊ तर बहुधा शेजारच्याच घरात राहतो.

कोणाचे नाव घेण्याचे कारण नाही. जमिनीला भाव आल्यापासून आपल्याकडे एका अंगणात दोन कुंपणे उभी राहिली आहेत. बापाच्या मयताला दोघे भाऊ शवपेटीला खांदा देतात, ते एकमेकांकडे न पाहता. सातबारावर नाव असलेल्या बहिणीला 'एवढी सही कर' म्हणून बोलावले जाते, आणि हक्कसोड झाल्यावर इमारत उभी राहिली तरी तिला तिच्या वाट्याचे काही कळवले जात नाही. वाडीत वर्षानुवर्षे राबलेल्या मजुराचा हिशेब 'नंतर बघू'वर अडकतो.

यात्रेच्या मार्गावर फोन्सेबादोन गावाच्या पुढे, सुमारे १५०० मीटर उंचीवर, एका उंच लाकडी खांबावर लहानसा लोखंडी क्रूस आहे. त्याच्या पायथ्याशी दगडांची रास आहे. यात्रेकरू आपल्या घरून एक दगड घेऊन जातो आणि मनावरचे ओझे म्हणून तिथे ठेवतो. सुंदर प्रथा आहे. तिथे लोकांना रडू येते असे जाऊन आलेले सांगतात. मी त्या अश्रूंना नावे ठेवत नाही. पण घरून नेण्यासाठी दगड शोधत असताना आपल्या बांधावर एक नजर टाकावी असे मला वाटते. तिथला एखादा दगड हातभर पलीकडे सरकवलेला असेल, तर ओझे त्या दगडाचे आहे, आणि ते स्पेनमध्ये उतरणार नाही. शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सरकवणाऱ्याला अनुवादाच्या पुस्तकात शाप उच्चारला आहे, आणि सर्व लोकांनी त्यावर आमेन म्हणायचे आहे.

ओझे उतरल्यासारखे वाटणे आणि ओझे उतरणे यात फरक आहे. पहिले माझ्या मनात घडते. दुसरे माझ्या आणि दुसऱ्या माणसाच्या मध्ये घडते. लांब चालण्याने, थकव्याने, एकांताने मन हलके होते, आणि देव त्याचाही उपयोग करून घेतो. पण मी हलका झालो म्हणून बहिणीच्या वाट्याची भरपाई होत नाही. अक्वायनस परतफेडीला न्यायाचे कर्म म्हणतात आणि तारणासाठी ती आवश्यक मानतात. ती दया नव्हे, दानही नव्हे. दुसऱ्याचे पैसे जवळ ठेवून त्यातून विमानाचे तिकीट काढले, तर ती यात्रा त्या दुसऱ्याच्या खर्चाने झाली, आणि त्याला विचारलेले नाही.

यावर कोणी म्हणेल, "फादर, असा सगळा हिशेब पुरा करायचा तर कोणी कधी निघणारच नाही." खरे आहे. म्हणूनच त्या जुन्या प्रवचनात 'शक्य असेल तर' हे शब्द आहेत. संत पौलही रोमकरांना लिहिताना शांततेने राहण्याची गोष्ट 'तुमच्याकडून होईल तितके' अशीच सांगतो. समेटाला दोघे लागतात, पण दार ठोठावायला एकटा पुरतो. तुम्ही गेलात आणि भावाने दार लावून घेतले, तर तुम्ही खुशाल यात्रेला जा. तुमची झोळी तयार आहे. तो अधिकार मात्र दार ठोठावल्यानंतरचा आहे. 'तो ऐकणारच नाही, मी त्याला ओळखतो' हे घरी बसून ठरवण्याचा नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक विचार करायला लावतो. काही माणसांना आधी दूर जावेच लागते. गावात राहून, रोज तेच कुंपण पाहून त्यांचे मन वळत नाही. चारशे किलोमीटर चालल्यावर एखाद्या सकाळी वळते. अशांना मी अडवणार नाही. त्यांनी एवढेच करावे, की निघण्यापूर्वी आपल्याला कोणाचे काय देणे आहे ते एका कागदावर लिहून सोबत न्यावे. सात किलोत कागदाचे वजन धरायचे कारण नाही.

आणि मागे राहणाऱ्यांविषयी. पाच आठवडे आजारी आईला कोण पाहणार, पत्नीवर कशाचा भार पडणार, हे 'ती करेल की' म्हणून गृहीत धरू नका. विचारा. ती नाही म्हणाली, तर पुढच्या वर्षी जा. संत याकोब तिथेच आहे. शिवाय २०२७ हे कोम्पोस्तेलाचे पवित्र वर्ष आहे, कारण त्या वर्षी त्याचा सण, २५ जुलै, रविवारी येतो.

यात्रेकरूंना आशीर्वाद ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सकाळच्या मिस्सामध्ये दिला जाईल. काठी आणि सॅक सोबत आणावी. त्याआधी कोणाला कोणाच्या घरी जायचे असेल आणि एकट्याने पाय उचलत नसेल, तर मला सांगावे. संध्याकाळी सातनंतर मी मोकळा असतो. बरोबर येईन, आणि बोलायचे तुमचे तुम्हीच, मी अंगणात थांबेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू