मालमत्तेचं कलम

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं विचारा, तो धडाधड सांगेल. रिकामा खजिना, महागलेला पाव, तिसरा वर्ग, रूसो, बास्तीय. परिणामही पाठ असतात: सरंजामशाहीचा अंत, राष्ट्रवादाचा उदय. हे लिहून मीही गुण मिळवले आहेत. इतिहासात एम.ए. करू लागल्यावर मात्र या परिणामांच्या यादीबद्दल शंका येऊ लागली. ती यादी युरोपच्या किनाऱ्यावरच का संपते?

२६ ऑगस्ट १७८९ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा घ्या. पहिलं कलम सांगतं, माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान हक्कांची असतात. शेवटचं, सतरावं कलम मालमत्तेचा हक्क पवित्र आणि अनुल्लंघनीय ठरवतं. पॅरिसमध्ये ही दोन कलमं सुखाने शेजारी नांदली. अटलांटिकपलीकडे फ्रान्सची सां-दोमँग नावाची वसाहत होती. युरोपातल्या साखरेचा आणि कॉफीचा मोठा वाटा तिथून यायचा आणि मळ्यांवर सुमारे पाच लाख गुलाम राबायचे. ही माणसं पहिल्या कलमातली की सतराव्यातली?

उत्तर गुलामांनीच दिलं. ऑगस्ट १७९१ मध्ये मळे पेटले. तुसाँ लुव्हेर्त्युर हा पूर्वीचा गुलाम सेनानी झाला. फेब्रुवारी १७९४ मध्ये पॅरिसच्या कन्व्हेन्शन या क्रांतिकारी संसदेने सगळ्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली, पण तोवर सां-दोमँगमध्ये ती हत्याराच्या जोरावर मोडली गेली होती. ‘क्रांतीचा वारसदार’ म्हणून आम्ही ज्याच्यावर टिपा लिहितो त्या नेपोलियनने मोठं सैन्य धाडलं आणि १८०२ मध्ये गुलामगिरीला पुन्हा कायद्याचा आधार दिला. तुसाँला पकडून फ्रान्सला नेलं. एप्रिल १८०३ मध्ये तो तिथल्या एका डोंगरी किल्ल्याच्या कोठडीत मेला. त्याच्या मागून लढणाऱ्यांनी आणि पिवळ्या तापाने मिळून फ्रेंच सैन्य संपवलं. १ जानेवारी १८०४ रोजी सां-दोमँग ‘हैती’ या नावाने स्वतंत्र झाला.

ज्या थोड्या पुस्तकांत हैती येतो, त्यांतही तो बहुधा इथेच संपतो. मला या पुढचं प्रकरण जास्त महत्त्वाचं वाटतं.

१८२५ मध्ये फ्रान्सच्या गादीवर दहावा चार्ल्स होता, राज्यक्रांतीत शिरच्छेद झालेल्या सोळाव्या लुईचा धाकटा भाऊ. १७ एप्रिलला त्याने फर्मान काढलं: हैतीने पूर्वीच्या मळेवाल्यांची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक पाच वार्षिक हप्त्यांत द्यावेत, फ्रेंच जहाजांना निम्मी जकात लावावी, म्हणजे स्वातंत्र्याला मान्यता मिळेल. फर्मान घेऊन आलेल्या दूताच्या पाठीशी १४ युद्धनौका होत्या. हैतीचे अध्यक्ष बुआये यांनी सही केली. पहिल्याच हप्त्याला पैसे नव्हते, म्हणून पॅरिसच्याच सावकारांकडून तीन कोटींचं कर्ज काढलं. सावकारांनी आपला वाटा आधीच कापून हातावर ठेवले दोन कोटी चाळीस लाख. आपल्याकडच्या कुळाला ही रीत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

त्याच एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये आणखी एक कायदा झाला: क्रांतीत जमिनी गमावलेल्या, देश सोडून पळालेल्या उमरावांना भरपाई देण्याचा. ‘सरंजामशाहीचा अंत’ लिहिताना हा कायदा आमच्या उत्तरात कधी येत नाही. जाहीरनामा अडगळीत गेला होता, राजेशाही परतली होती, पण सतराव्या कलमाचा आत्मा शाबूत होता. हैतीपासून पॅरिसपर्यंत तोच हिशेब मिटवत फिरत होता. ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने वेगळं काय केलं? मालकांना दोन कोटी पौंड आणि गुलामांना शून्य.

हैतीत या कर्जाने काय केलं, ते १८२६ च्या ग्रामीण संहितेत दिसतं. निर्यातीची कॉफी पिकली पाहिजे म्हणून स्वतंत्र शेतकऱ्यांना कायद्याने पुन्हा मळ्यांशी बांधलं गेलं. राबवणारे आता त्यांचेच राज्यकर्ते होते, हे मला सगळ्यात बोचतं. १८३८ मध्ये उरलेली रक्कम सहा कोटींवर आली, तरी फेड दशकानुदशकं चालली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी गुलामांना मुक्त केलं होतं. त्या वर्षीही, स्वतःच्या हाताने मुक्त झालेल्यांच्या डोक्यावरचं कर्ज फिटलेलं नव्हतं. आणि त्याच अमेरिकेने हैतीला मान्यता दिली होती ती थेट १८६२ मध्ये. दक्षिणेतले गुलामांचे मालक तोवर संसद सोडून गेले होते.

परीक्षकाला दोष देऊन उपयोग नाही. दहा गुणांच्या उत्तरात तारीख मावते, हप्ते मावत नाहीत. पण ‘निर्वसाहतीकरण’ या प्रकरणाखाली आशिया-आफ्रिकेतल्या देशांच्या स्वातंत्र्यदिनांचा तक्ता पाठ करताना मी आता प्रत्येक नावापुढे एक रकाना मनातल्या मनात आखतो: जाताना कोणी कोणाला बिल दिलं?

२००३ मध्ये हैतीचे अध्यक्ष अरिस्तीद यांनी फ्रान्सकडे या भरपाईच्या परतफेडीपोटी २१ अब्ज डॉलरहून अधिक रकमेची मागणी केली. पुढच्याच फेब्रुवारीत, देशात बंड पेटलेलं असताना, त्यांना सत्ता आणि देश दोन्ही सोडावं लागलं. एप्रिल २०२५ मध्ये, फर्मानाला दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला. कोणत्याही रकमेचा उल्लेख त्यांनी केला नाही. १८२५ मध्ये मात्र आकडा आधी ठरला होता. अभ्यासासाठी कोणीही थांबलं नव्हतं.