वळण आणि वळ

लहान मुलांच्या दांडगाईचा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. पाच वर्षांच्या मुलाने शेजाऱ्यास चावा घेतला, अथवा वर्ग चालू असता बाकावर चढून आरोळी ठोकली, ह्याची चर्चा मासिकाच्या पानांत कशास हवी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ज्यास आपली बाजू शब्दांत मांडता येत नाही आणि ज्याच्यावर आपली सत्ता जवळजवळ निरंकुश आहे, अशा जीवाशी आपण कसे वागतो ह्यावरून आपल्या न्यायबुद्धीची खरी परीक्षा होते. बरोबरीच्या माणसाशी न्यायाने वागण्यास पुष्कळदा भीतीच पुरते. मुलाशी न्यायाने वागावयाचे तर भीतीचा उपयोग नाही. तेथे मनाचीच साक्ष लागते.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न दोन तक्रारींच्या रूपाने नेहमी कानी पडतो. गुरुजी म्हणतात, घरी वळण नाही. आईबाप म्हणतात, शाळेत शिस्त नाही. दोघेही एकाच मुलाविषयी बोलत असतात, आणि दोघांच्या मधोमध ते मूल उभे असते. जुन्या पिढीतील बाप मुलास शाळेत पोचविताना ‘हाडे आमची, कातडे तुमचे’ असे म्हणून निर्धास्त होत असे. आजचा सुशिक्षित बाप तसे म्हणत नाही. पण मूल शाळेच्या दारात सोडून निर्धास्त होण्याची त्याची रीत मात्र पूर्वीचीच आहे.

प्रथम शब्दांचाच विचार करू. ‘शिक्षण’ आणि ‘शिक्षा’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले. हिंदी भाषेत ‘शिक्षा’ म्हणजे विद्यादान. मराठीत मात्र त्याच शब्दास दंडाचा अर्थ चिकटला. भाषेतील असे बदल अकारण होत नाहीत. कित्येक पिढ्यांच्या मनात विद्येची आठवण आणि माराची आठवण एकमेकींत इतकी मिसळून गेली असावी की, एका शब्दाने दुसरीचा बोध होऊ लागला. तशीच ‘वळण’ आणि ‘वळ’ ह्या शब्दांची जोडी आहे. वळण लावावयास निघालेला हात अंगावर वळ उठवून परत येतो, आणि आपण कर्तव्य केले असे त्या हातास वाटते.

आता कायद्याने ह्या बाबतीत आपले मत दिले आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क सांगणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या १७ व्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्या दोहोंना मनाई केली आहे. स्वीडन देशाने तर १९७९ सालीच घरातील मारही कायद्याने बंद केला. परंतु कायदा हात अडवितो, बुद्धीचे समाधान करीत नाही. छडी कपाटात गेली, तरी ‘छडी असती तर बरे झाले असते’ हा विचार जर मनात राहिला, तर तोच विचार उपहास, अबोला, कोपऱ्यात उभे करणे अशा वाटांनी बाहेर पडतो. म्हणून मूळ प्रश्नच विचारावयास हवा: लहान मुलाच्या दांडगाईस अपराध म्हणता येईल काय?

छडीचे कैवारी दोन आधार देतात. पहिला चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या प्रसिद्ध नीतिवचनाचा. पाच वर्षे लाड, पुढे दहा वर्षे ताडन आणि सोळाव्या वर्षी मित्रत्व, असा त्याचा आशय. हे वचन आम्हांस मान्य नाही. पण ज्यांस मान्य आहे त्यांनी ते निदान नीट वाचावे. ह्या कठोर नियमानेही पहिली पाच वर्षे लाडासाठी राखून ठेविली आहेत. बालवाडीतील चार वर्षांच्या मुलाचा कान पिळणाऱ्यास चाणक्याचाही आधार मिळत नाही.

दुसरा आधार अधिक हळवा, म्हणून अधिक बळकट आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ ह्या पुस्तकात पोहावयास जाण्याची भीती घेऊन लपून बसलेल्या श्यामास आई मारून विहिरीवर पाठविते, आणि तो पोहून आल्यावर त्यास मायेने जवळ करते. ही हकीकत घरोघरी ठाऊक आहे, आणि तिचा दाखला देऊन प्रेमाचा मार हितकारकच असतो असे सांगण्यात येते. आम्ही विचारतो: श्याम घडला तो कशाने? मागील कित्येक वर्षांच्या सहवासाने, की त्या दिवशीच्या फटक्यांनी? ज्या आईने मुलाच्या मनाची प्रत्येक घडी जाणली होती, तिच्या हातून झालेली एक गोष्ट मुलाने पोटात घातली. त्याचे श्रेय त्याच्या प्रेमास आहे. हीच मोकळीक तीस मुलांच्या वर्गावर उभ्या असलेल्या, मुलाच्या आईबापांचे नावही पुरते ठाऊक नसलेल्या माणसाने मागावी, हे कोणत्या न्यायाने?

अपराधास शिक्षा द्यावयाची तर अपराध्यास तीन गोष्टी कळावयास हव्यात: आपण काय केले, ते का वाईट, आणि आपणांस ते टाळता आले असते. पाच-सहा वर्षांच्या मुलास पहिली कळते, दुसरी अर्धवट कळते, आणि तिसरीसाठी लागणारा मनाचा लगाम त्याच्या हाती अजून आलेलाच नसतो. मेंदूच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्या आधुनिक शास्त्रानेही हेच सांगितले आहे की, उसळलेली इच्छा आवरण्याची शक्ती फार सावकाश, तारुण्यापर्यंत परिपक्व होत असते. मग जे त्याच्यापाशी नाही ते न दाखविल्याबद्दल त्यास दंड करणे, हे ज्याच्या खिशात दिडकी नाही त्याच्याकडून दंड वसूल करण्यासारखे आहे.

येथे आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती आमच्या गौरवाची नाही. काही वर्षांपूर्वी कळंब तालुक्यातील एका लहान शाळेत काही महिने शिकविण्याचा योग आम्हांस आला. त्या भागातून, तसेच वाशी, भूम, परंडा ह्या बाजूंनी, दिवाळीच्या सुमारास पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोच्या जोडीस तेथे ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. मूल त्या मोजणीत कोठेच नसते. काही मुले आईबापांबरोबर फडावर जातात, काही मागे आजीपाशी राहतात. अशा मागे राहिलेल्यांपैकी सहा वर्षांचा एक मुलगा आमच्या वर्गात होता. तो दिवाळीपूर्वी शांत होता. नंतर मात्र दुसऱ्यांची पुस्तके फेकणे, मुलींच्या वेण्या ओढणे असे त्याचे रोजचे झाले. एके दिवशी त्याने पिण्याच्या पाण्याचा रांजण आमच्या डोळ्यांदेखत लवंडून दिला. आम्ही त्याच्या हातावर दोन फटके मारले, आणि ‘तू आता ह्या वर्गात नकोस’ असे म्हणून त्यास बाहेर काढिले.

दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आजी त्यास घेऊन आली. आम्ही तक्रार ऐकण्याची तयारी करून बसलो होतो. तिने तक्रार केली नाही. ती म्हणाली, “गुरुजी, मारायचं तर मारा, पन भाईर काडू नगा. माय जायच्या आदल्या राती लेकरानं लई दंगा केला हुता. आता त्येला वाटतंय, आपुन दंगा केला म्हनूनच माय निघून गेली.”

त्या म्हातारीने जे एका वाक्यात सांगितले ते आम्हांस इतक्या दिवसांत दिसले नव्हते. दंगा केला की माणसे सोडून जातात, असा त्या मुलाने सिद्धांत बांधला होता, आणि तो खरा की खोटा हे तो आमच्यावर पडताळून पाहत होता. आम्ही तो खरा ठरविला. फटक्यांपेक्षा ‘तू नकोस’ हे शब्द अधिक क्रूर होते, हे कोणत्याही शास्त्रग्रंथावाचून त्या आजीस कळले होते. पुढे रांजण भरण्याचे काम आम्ही त्यालाच, आमच्या बरोबरीने, नेमून दिले. त्याने पाडव्यापर्यंत आणखी दोन पुस्तके फाडली. चमत्कार काही झाला नाही. पण पुस्तक फाडून झाल्यावर तो पळून जाईनासा झाला, जवळ येऊन उभा राहू लागला. आमच्या मते तो लहान फरक नव्हता.

ह्यावर विचारी वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. एका मुलाच्या दुःखाचा इतका विचार करावयाचा, तर ज्यांची पुस्तके फाटली आणि वेण्या ओढल्या गेल्या त्या मुलांचा विचार कोणी करावयाचा? त्यांचाही शाळेवर तितकाच हक्क आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि दांडगाई म्हणजे बालसुलभ लीला असे मानून कौतुक करणाऱ्यांपाशी त्यास उत्तर नाही. आमचे उत्तर असे की, अटकाव आणि शिक्षा ह्या भिन्न गोष्टी आहेत. उगारलेला हात धरणे, मारणाऱ्या मुलास उचलून दूर आपल्याजवळ बसविणे, त्याचा संताप उतरेपर्यंत त्याच्यापाशी थांबणे, हा अटकाव होय. तो ताबडतोब आणि न चुकता झाला पाहिजे. सांडलेले पुसावे, फाटलेले चिकटवावे, दुखविलेल्या सोबत्याची विचारपूस करावी, ही भरपाई होय. तीही मुलाकडून, पण त्याच्या सोबत बसून, करवून घेतली पाहिजे. ह्या दोहोंनंतर जे उरते, म्हणजे त्यास दुखविणे, लाजविणे, हाकलणे, त्याने बाकीच्या मुलांच्या पदरात काहीच पडत नाही. उलट त्यांसही एक धडा मिळतो: येथे ज्याच्या अंगी बळ अधिक त्याला दुखविण्याचा अधिकार आहे. मग मधल्या सुट्टीत ती मुले तोच धडा आपल्याहून लहानांवर गिरवितात.

दांडगाईचा उगम पुष्कळदा मुलात नसून मांडणीत असतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मारिया मॉन्टेसरी ह्यांनी १९०७ साली रोम शहरातील सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तीत बालगृह उघडले; हाताजोगे काम आणि आपल्या मापाच्या वस्तू मिळताच तेथील मोकाट मुले आपखुशीने कामात रमली. आपल्याकडे गिजुभाई बधेका ह्यांनी भावनगरास व ताराबाई मोडक ह्यांनी प्रथम तेथे आणि पुढे बोर्डी-कोसबाड येथे हीच दृष्टी रुजविली. कोसबाडच्या रानात गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत ना, बसत ना. तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ ह्यांनी मुलांस दोष दिला नाही; शाळाच कुरणात नेली, आणि तिचे नाव कुरणशाळा ठेविले. चार वर्षांच्या मुलास तासन् तास बाकावर जखडून त्याच्या हाती लेखणी देणाऱ्या आजच्या कित्येक शहरी बालवर्गांनी ह्या गोष्टीचा विचार करावा. तेथे जी दांडगाई दिसते ती बहुधा आरोग्याचे लक्षण असते.

शिक्षकाची अडचण आम्ही जाणतो. उपर्युक्त कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक एवढेच माप दिले आहे, आणि दोन शिक्षकांच्या शाळेत एक कागदपत्रांत गुंतला की दुसऱ्यावर चार इयत्ता येतात. थकलेल्या माणसाचा हात लवकर उठतो. म्हणून मुलांस मारू नका असे सांगणाऱ्या समाजाने शिक्षकाचा भार हलका करण्याचेही कर्तव्य पत्करले पाहिजे. ऊसतोडीच्या दिवसांत मागे राहणाऱ्या मुलांसाठी असलेली हंगामी वसतिगृहे वेळेवर व नीट चालतात की नाही, हे पाहिले पाहिजे. केवळ शिक्षकासच दयाळू होण्याचा उपदेश करणे हा स्वस्त धर्म आहे.

आता आम्हां पांढरपेशांच्या घरांविषयी. आमच्या मुलास सोडून कोणी फडावर जात नाही. आम्ही त्याच खोलीत बसून त्यास सोडून गेलेले असतो. मूल रडले की हातात मोबाईल देऊन त्यास गप्प करावे, पाहुण्यांसमोर त्याने लाज आणली की नंतर चापट मारावी, आणि शाळेतून तक्रार आली की त्याची बाजू घेऊन भांडावे, ह्या तिन्ही गोष्टींत मुलाचा विचार कोठेच नसतो. आपली शांतता, आपली अब्रू आणि आपला अहंकार एवढ्यांचीच सोय पाहिलेली असते. मुलास हाच न्याय दिसतो की, एकच कृत्य एके दिवशी हसण्यावारी जाते व दुसऱ्या दिवशी मार खाते. अशा अनियमित राज्यात प्रजेने बंड केले तर नवल ते कोणते? घरात नियम थोडे असावेत, ते मोठ्यांनीही पाळावेत, आणि आज जे ‘नाही’ ते उद्याही ‘नाही’च असावे. आणि गुरुजींची भेट तक्रारीच्या दिवशीच प्रथम होऊ नये.

धाराशिवपासून जवळच तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. नामस्मरणात देहभान हरपून गोरोबा चिखल तुडवीत असता त्यांचे रांगते मूल त्यांच्याकडे आले आणि पायांखाली सापडले, ही कथा आपल्याकडे भक्तीचा कळस म्हणून सांगतात. भक्तांच्या कथेतून निराळा अर्थ काढण्याचे धाडस आम्ही करीत नाही. पण आईबाप होऊन ती ऐकताना एका गोष्टीपाशी आमचे मन दर वेळी अडखळते: ते मूल बापाकडे येत होते. पुढे विठ्ठलाच्या कृपेने ते परत मिळाले, असे कथा सांगते. गोरोबा विठ्ठलात गुंतले होते. आपण कशात गुंतलेले असतो?

रांजण लवंडणारे मूलही कोणाकडे तरी येतच असते. त्याची चाल वाकडी असते, वाटेत पाणी सांडते, आवाज कर्कश असतो. त्याचा हात धरावा, पाणी त्याच्याकडून पुसून घ्यावे, आणि त्यास येऊ द्यावे.