आधी हाक, मग औषध

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मी प्रवचनकार नाही. आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेले, बी.कॉम.च्या पलीकडे शिक्षण नाही. श्रीगुरुचरित्राची पारायणे मात्र महाराजांच्या कृपेने दरवर्षी घडत आली. जयंती अंकासाठी चार शब्द लिहा असे व्यवस्थापकांनी सांगितले, तेव्हा घरात जे घडले आणि त्यातून पोथीतले जे फार उशिरा उमगले तेच लिहावे असे ठरवले. लेकीची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "लिहा बाबा. माझं नाव घालू नका. आणि तुमचं कुठे चुकलं तेही लिहा."

आठव्या अध्यायातली अंबिका आपणा सर्वांना ठाऊक आहे. मुलगा मंदमती. बाप विद्वान, तो शिकवताना मारी आणि आई आड येई. पुढे बाप वारला, दारोदार भिक्षा मागायची वेळ आली. लोक त्या मुलाला टोचून बोलत, "बाप केवढा पंडित, आणि हा बघा!" शेवटी मायलेक जीव द्यायला कृष्णेवर निघाले. तिथे श्रीपाद श्रीवल्लभ भेटले.

तेराव्या अध्यायात असाच आणखी एक जण येतो, पोटशूळाचा ब्राह्मण. अन्न पोटात गेले की असह्य कळा, म्हणून पंधरवड्या-महिन्यातून एकदा जेवायचा. तोही कंटाळून गोदावरीत निघाला. श्रीनृसिंह सरस्वतींनी त्याला बोलावून घेतले.

दोन अध्याय, दोन अवतार, दोन नद्या. मी हे कितीदा वाचले असेल! वाचताना लक्ष असायचे ते शेवटाकडे. मुलाच्या मस्तकावर हात ठेवला आणि तो ज्ञानी झाला, ब्राह्मणाचा शूळ गेला. चमत्कार कधी होतो याकडे सगळे चित्त. त्याच्या आधी काय घडले तिकडे माझे ध्यानच गेले नाही.

आता घरचे सांगतो. आमची मुलगी उशिरा झालेली, एकुलती एक. दर गुरुवारी आरतीला तिचाच आवाज पुढे. दहावीला चांगले गुण मिळाले, हौसेने अकरावीला गेली आणि दिवाळीनंतर काहीतरी बिनसले. सकाळी पोटात कळ, छातीत धडधड, हात बर्फासारखे गार. कॉलेजच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायची. रात्री झोप नाही, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत अंथरुणात. आईवर ओरडायची आणि मग स्वतःच रडत बसायची. गुरुवारची आरती बंद झाली.

मी काय केले? आधी रागावलो. "आमच्या वेळी असले लाड नव्हते," असे म्हणालो. मोबाईल काढून घेतला. मग एका परिचितांनी "बाहेरचं काहीतरी आहे" म्हटल्यावर गंडा आणून बांधला. शेवटी सप्ताहाचा संकल्प सोडला, परीक्षेपर्यंत पोर बरी होऊ दे. आज लाज वाटते, पण मी महाराजांशी मुदत ठेवीचा व्यवहार केला. सात दिवस भरायचे, मुदत पुरी झाली की व्याजासकट मुलगी परत! नातेवाईक विचारत, "काय हो, कॉलेज सोडलं म्हणे?" ते ऐकले की मला तिच्या दुःखापेक्षा माझ्या अब्रूची काळजी जास्त लागे. अंबिकेच्या गावातल्या त्या लोकांत मीही एक होतो, हे तेव्हा दिसले नाही.

पत्नीने न विचारता पाऊल उचलले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, थायरॉईड पाहिले, त्यात काही निघाले नाही. त्यांनी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. मीही नाइलाजाने गेलो.

त्यांनी समजावून सांगितले ते असे. हिला एकच आजार नाही. उदासीचा आजार आहे आणि चिंतेचाही आहे, दोन्ही एकमेकांत गुंतले आहेत. चिंतेमुळे ती घराबाहेर पडत नाही. बाहेर पडत नाही म्हणून मैत्रिणी तुटल्या, त्यातून उदासी वाढली. उदासी म्हणते तुझ्याने काही होणार नाही, आणि त्याची पुन्हा धास्ती. या वयात उदासी नेहमी रडूनच दिसते असे नाही, पुष्कळदा चिडचिडीतून दिसते. पोटातली कळ, छातीतली धडधड हे नाटक नसते, चिंतेत शरीर खरोखरच तसे वागते.

मग विचारले, घराण्यात कोणाला असा त्रास होता का? अतिउत्साहाचे झटके, दिवसचे दिवस झोप नाही तरी थकवा नाही, असे कोणाचे? मी आधी "नाही" म्हटले. पत्नीने माझ्याकडे पाहिले, तेव्हा चुलत्यांचे सांगितले. आम्ही त्यांना नुसते तऱ्हेवाईक म्हणत आलो होतो. डॉक्टर म्हणाले, हे लपवू नका. तसा कल असेल आणि नुसते उदासीचे औषध दिले तर मन दुसऱ्या टोकाला जाऊ शकते, म्हणून औषध त्याप्रमाणे ठरवावे लागते.

गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील हे आधीच सांगितले होते. आठवड्यातून एकदा समुपदेशन. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे पायरी-पायरीने जायचे. आधी नुसते फाटक, मग व्हरांडा, मग एक तास. तिसऱ्या महिन्यात एका गुरुवारी स्वयंपाकघरातून आरतीचा सूर आला आणि माझे डोळे भरून आले.

आणि तिथेच मी घात केला. त्याच सुमारास माझे दुसरे पारायण पूर्ण झाले. समाप्तीच्या प्रसादाला म्हणालो, "महाराजांनी ऐकलं. आता गोळ्या कशाला?" डॉक्टरांना न विचारता औषध बंद केले. मला खूश करायला पोरीनेही मान डोलावली.

पंधरा दिवसही गेले नसतील. रात्री दोनच्या सुमारास जाग आली तर ती देवघरासमोर अंधारात बसलेली. म्हणाली, "बाबा, मला जगावंसंच वाटत नाही."

माझ्या तोंडून काय निघावे? "देवासमोर असलं अभद्र बोलू नये." ती गप्प झाली. त्या गप्प होण्याची आजही भीती वाटते.

पत्नी उठून आली. तिच्याशेजारी जमिनीवर बसली, हात हातात घेतला आणि सरळ विचारले, "कधीपासून वाटतंय असं? आत्ता काही करावंसं वाटतंय का?" मला वाटले, हे काय विचारते ही! पण पोर बोलू लागली. पहाटेपर्यंत बोलली. पत्नीने उपदेश केला नाही, रडली नाही, हात सोडला नाही. उजाडताच डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, "आईंनी विचारलं ते फार बरं केलं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो असं लोकांना वाटतं, ते खरं नाही. विचारल्याने माणूस एकटा राहत नाही."

त्या दिवशी मी पोथी पुन्हा उघडली आणि प्रथमच चमत्काराच्या आधीचे वाचले. श्रीपाद श्रीवल्लभांनी त्या मायलेकांना पहिल्याने काय दिले? हाक दिली. थांबवले. तिचे दुःख ऐकून घेतले. व्रत नंतर सांगितले, मस्तकी हात त्याच्याही नंतर. पोटशूळाच्या ब्राह्मणालाही आधी बोलावून घेतले, काय होते ते विचारले. आमच्या घरी ते काम पारायण करणाऱ्याने केले नाही, पोथी न वाचणाऱ्या माउलीने केले.

आणखी एक गोष्ट दिसली. श्रीगुरू म्हणाले, याचे औषध माझ्याजवळ आहे. पण ते दिले कोणाच्या हातून? सायंदेवाच्या. तो नोकरदार गृहस्थ. त्याला आज्ञा झाली की याला घरी नेऊन जेवू घाल. तो घाबरला, अन्नाने हा मेला तर? तरी आज्ञा पाळली आणि त्या जेवणानेच शूळ गेला. मंडळी, साक्षात श्रीगुरूंनी जर औषध दुसऱ्याच्या घरून, दुसऱ्याच्या हातून देवविले, तर माझ्या मुलीचे औषध डॉक्टरांच्या हातून येण्यात महाराजांचा कसला कमीपणा? मस्तकी हात ठेवून बरे करण्याचा अधिकार त्यांचा. हाक मारणे, ऐकणे आणि औषध वेळेवर देणे, एवढे आपल्या हाती आहे.

पुढची वाट सरळ नव्हती. चार महिने बरे, मग पुन्हा घसरण, पुन्हा औषधात बदल. एक वर्ष वाया गेले असे लोक म्हणाले. अशा वेळी मला अवधूताच्या चोवीस गुरूंतला चंद्र आठवे. कला वाढतात, कला घटतात, चंद्र मात्र तोच असतो. आपण पौर्णिमेला दत्तजन्म साजरा करतो, पण अमावस्येला चंद्र नाहीसा होत नाही. लेक अंथरुणात तोंड फिरवून पडलेली असे, तेव्हा मी मनाशी म्हणे, ही तीच आहे. आणि पृथ्वी हा पहिला गुरू. तुडवले तरी न चिडणारी. माझ्याने ते रोज जमले असे नाही.

ज्यांच्या घरी आज असे मूल आहे त्यांना हात जोडून सांगतो. लपवू नका. औषध आपल्या मनाने सुरू-बंद करू नका. गुणांची, लग्नाची भाषा त्या काळात नको. मुलाने मरणाचा शब्द काढला तर रागावू नका, जवळ बसा, विचारा, एकटे सोडू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. 2022 पासून सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे. 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही माणूस बोलतो, मराठीतही बोलतो. आमच्या त्या रात्री हे नव्हते. पारायण जरूर करा. मी आजही करतो. आता मुदत घालत नाही, धीर मागतो.

लेक आज नोकरी करते. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी झाल्या आहेत, पूर्ण बंद नाहीत. त्याचे आम्हाला आता काही वाटत नाही.

शेवटी त्या अंबिकेचे. लोकांनी जिला हिणवले, जी मुलाला घेऊन नदीवर गेली, तीच पुढच्या जन्मी कारंजाला अंबा झाली आणि तिच्या पोटी श्रीनृसिंह सरस्वती आले. अवतार घ्यायला महाराजांनी कूस निवडली ती दुखण्याईत लेकराला न टाकणाऱ्या आईची. जयंतीचा पाळणा हलवताना एवढे मनात असावे.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥