प्रमाण कोणी ठरवायचे?

एक किलो पेट्रोल पुरते जळायला 14.7 किलो हवा लागते. हा आकडा रसायनशास्त्राने दिलेला आहे, त्यात कोणाच्या मताला जागा नाही. तरीही हिंगोली-नांदेड रस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजात मोठा एअर फिल्टर, मोकळा सायलेन्सर आणि बदललेला कॅमशाफ्ट बसवलेली गाडी येते, तेव्हा जाणता मेकॅनिक या आकड्यावर थांबत नाही. तो आधी प्लग काढून पाहतो. प्लग काजळीने काळा पडला असेल तर गाडी ‘रिच’ चालते आहे, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. पांढरट, भाजल्यासारखा दिसला तर ‘लीन’, म्हणजे हवा जास्त आणि इंजिन तापून टकटक करण्याची भीती. फिकट तपकिरी रंग दिसला की त्याच्या चेहऱ्यावर समाधान येते.

कंपनीने कारखान्यात ठरवून दिलेला तक्ता चुकीचा नसतो. तो त्या इंजिनसाठी लिहिलेला होता आणि आता इंजिन तेच राहिलेले नाही, एवढाच मुद्दा आहे. शिवाय हवाही तीच राहत नाही. पंधरा अंशांच्या सकाळी जेवढी हवा सिलिंडरात शिरते, त्यापेक्षा हिंगोलीच्या मे महिन्यात, पारा 43 वर असताना, तेवढ्याच जागेत सुमारे 9 टक्के कमी हवा मावते. जुन्या कार्ब्युरेटरला हे कळत नाही, म्हणून उन्हाळ्यात त्याची गाडी रिच होते. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळले की इंधन स्वतःबरोबर थोडा ऑक्सिजन घेऊन येते. मग प्रमाण 13.5 च्या आसपास उतरते आणि तीच कार्ब्युरेटरची गाडी लीन होऊ लागते.

धर्मविचारातला एक फार जुना प्रश्न नेमका इथे येऊन उभा राहतो. योग्य प्रमाण आधीच लिहून ठेवलेले असते, की ज्याचे त्याने ते शोधायचे असते? ‘अती करू नये’ हे सगळेच सांगतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, झोप आणि जागरण यांत युक्त असणाऱ्यालाच योग साधतो, असे म्हटले आहे. पण युक्त म्हणजे किती, याचा तक्ता तिथे दिलेला नाही, आणि ते योग्यच आहे.

बुद्धाच्या मध्यम मार्गाबद्दल मोठा गैरसमज हाच, की तो दोन टोकांच्या बरोबर मधोमध आखलेल्या रेषेसारखा आहे. सोण नावाच्या भिक्खूची कथा याहून सूक्ष्म आहे. चालण्याचा अतिरेक करून त्याचे तळपाय रक्ताळले होते. तो आधी वीणा वाजवत असे, म्हणून बुद्धाने त्याला तारांची आठवण करून दिली. फार ताणलेली तार नीट वाजत नाही आणि सैल तारही वाजत नाही. वीणा वाजवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण तो तार मोजत नाही, ऐकतो. आणि एकदा लावलेली तारही पुन्हा उतरते.

बॉशने 1976 साली व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा बसवलेला लॅम्बडा सेन्सर हेच काम करतो. तो धुराच्या नळीत बसतो आणि जळून उरलेल्या वायूत ऑक्सिजन शिल्लक आहे का, ते पाहतो. शिल्लक असेल तर संगणक पेट्रोल किंचित वाढवतो, नसेल तर किंचित घटवतो. त्यामुळे साधा सेन्सर असलेली निरोगी गाडी 14.7 वर कधी स्थिर बसलेली नसते. ती त्या आकड्याच्या अल्याड-पल्याड सतत झुलत असते, आणि धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हे झुलणे मानवते. औंढा तालुक्यात उभारण्यासाठी एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेतही चार-चार किलोमीटरच्या भुजांच्या टोकांचे आरसे असेच, क्षणोक्षणी दुरुस्ती करत, जागेवर धरून ठेवावे लागतील. मध्यावर असणे ही मुक्कामाची जागा नाही, ते अखंड चाललेले काम आहे.

मग संकटात काय करायचे? ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की गाडीचा संगणक सेन्सरचे ऐकणे बहुधा थांबवतो आणि मुद्दाम जास्त पेट्रोल देतो. प्रमाण 12.5 ते 13 पर्यंत खाली येते. इंधन वाया जाते, पण जास्तीचे पेट्रोल उष्णता शोषते आणि पिस्टन वाचतो. आपल्या परंपरेत याला आपद्धर्म म्हणतात. छांदोग्य उपनिषदातला उषस्ति चाक्रायण गारपिटीने उद्ध्वस्त झालेल्या कुरुदेशात उपाशी फिरत होता. त्याने एका माणसाकडून त्याच्या उष्ट्या घुगऱ्या मागून घेतल्या. त्या माणसाने पाणीही देऊ केले, तेव्हा मात्र उषस्तीने ते उष्टे म्हणून नाकारले. घुगऱ्या उष्ट्या नव्हत्या का, असे विचारल्यावर त्याचे उत्तर सरळ होते. त्या खाल्ल्या नसत्या तर मी जगलो नसतो, पाणी मात्र मला हवे तिथे मिळते. नियम कुठवर सोडायचा आणि कुठल्या घासाला पुन्हा धरायचा, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारी दुसरी कथा सापडणे अवघड आहे.

प्रमाणात राहणे म्हणजे कमी करणे, ही समजूतही तपासायला हवी. टर्बो बसवलेल्या इंजिनात कितीतरी जास्त हवा कोंबली जाते. तिथे पेट्रोल जपून दिले तर इंजिन फुटते. हवा वाढली की इंधनही वाढवावेच लागते. हिंगोली जिल्ह्यातल्या कयाधूकाठच्या नरसी गावी, परंपरेनुसार 1270 साली जन्मलेल्या नामदेवांची कथा या बाजूने वाचावी. कुंभार असलेल्या गोरोबा काकांनी संतमेळ्यात थापटणे घेऊन मडक्यांसारखी डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे ठरवले. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडले होते. पाय काढा म्हटल्यावर ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे तूच उचलून ठेव. नामदेव पाय ठेवत गेले आणि जिथे ठेवले तिथे पिंड दिसत गेली.

विसोबांनी भक्ती आवरायला सांगितले नाही. पंढरपूरच्या एका मूर्तीपाशी कोंडलेल्या त्या प्रेमाला त्यांनी मोकळी जागा दिली. त्यानंतरचे नामदेव पंजाबातल्या घुमानपर्यंत पोचले आणि त्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आली. ज्याचा आवाका बदलला, त्याला जुना तक्ता पुरत नाही, आणि नव्या तक्त्यात सगळेच आकडे मोठे असू शकतात.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. प्रत्येकाने आपले प्रमाण आपणच ठरवायचे, तर मनमानी आणि साधना यांत फरक कसा करायचा? रिच गाडी चालवणाऱ्याला पिकअप छान लागतो, त्याला काही बिघडल्याचे जाणवतही नाही. कार्बन मोनॉक्साइड जातो मागून येणाऱ्या सायकलवाल्याच्या छातीत. म्हणूनच मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने गाडीतल्या मनमानी फेरबदलांना मनाई केली आहे, आणि पीयूसीची नळी सायलेन्सरमध्येच घालावी लागते. मालकाची साक्ष त्या तपासणीत धरली जात नाही. साधकाच्या स्वतःच्या आनंदाचा पुरावाही असाच अपुरा आहे. त्याच्या साधनेतून बाहेर काय पडते, हे त्याच्या आसपासच्यांना विचारावे लागते.

नरसीहून आषाढीला पंढरपूरकडे निघणाऱ्या पालखीत मधुमेह असलेले वारकरीही चालत असणारच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी शास्त्राला चालते, पण त्यांच्या रक्ताला चालत नाही. अशा माणसाने भाकरी खाऊन चालत राहावे की उपास धरून दिंडीच्या डॉक्टरांच्या हवाली व्हावे, याचा निवाडा पोथीतून होणार नाही आणि त्याच्या एकट्याच्या हौसेनेही होऊ नये. तो द्वादशीच्या सकाळी रक्तातली साखर पाहून आणि त्याला रात्रभर सांभाळणाऱ्या सोबत्यांना विचारून करावा.