फळीवरचे चित्र

मरणानंतर जाणीव उरते का? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अवेअर' अभ्यासात डॉ. सॅम पार्निया यांच्या गटाने इस्पितळांत उंच फळ्यांवर, केवळ वरूनच दिसतील अशी चित्रे ठेवली होती. हृदय बंद पडल्यावर आपण छताशी तरंगत होतो म्हणणाऱ्याने ती ओळखायची. हृदय बंद पडण्याच्या घटना २०६०; चित्र कुणीच ओळखले नाही. श्रद्धावान म्हणतील, बहुतेकांचे हृदय फळी नसलेल्या जागीच थांबले होते. खरे आहे, एवढ्याने परलोक खोटा ठरत नाही. पण दावा करणाऱ्याची पुरावा देण्याची जबाबदारीही टळत नाही. शिवाय अनुभव सांगणारी ही माणसे परत आली. उद्या एखाद्याने चित्र अचूक सांगितले, तरी मरणाच्या उंबरठ्यावरची जाणीव तेवढी सिद्ध होईल. परतीची वाट मिटल्यानंतरची नव्हे.