आणखी एक वर्ष



उपवासकाळ आला की संत लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दाखला आपल्याला आठवतो (लूक १३:६-९). मालक तीन वर्षे फळ शोधत येतो आणि शेवटी झाड तोडून टाकायला सांगतो. माळी मात्र आणखी एका वर्षाची सवलत मागतो. तेवढ्या काळात आपण झाडाभोवती खणू आणि खत घालू, असे तो म्हणतो. ह्या दाखल्यावरून देवाच्या सहनशीलतेबद्दल आपण पुष्कळ ऐकले आहे. आज आपण त्या माळ्याच्या कुदळीकडे पाहू या.

आपल्या चर्चच्या आवारातील जुना आंबा आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या सावलीत मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो आणि मिस्सानंतर आपण तिथेच एकमेकांची विचारपूस करतो. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी त्याची मोठी फांदी कोसळली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी मुले बसणार होती. दोन हंगाम मोहोरही धड आला नव्हता. धर्मग्राम परिषदेच्या सभेत बहुतेकांनी झाड तोडावे असे म्हटले आणि खरे सांगायचे तर आम्हीही त्याच मताचे होतो.

एका सभासदाने सुचवले म्हणून, झाडांची निगा राखणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशा एका गृहस्थांना आम्ही बोलावले. आम्ही वर शेंड्याकडे बोट दाखवत होतो, ते खाली वाकून बुंधा पाहत होते. ते म्हणाले, “याला श्वास घ्यायला जागा कुठे ठेवली आहे तुम्ही?” सणाच्या मांडवाला सोय व्हावी म्हणून चार वर्षांपूर्वी आपणच खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले होते. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या फूट-दोन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. माती दाबली गेली की हवा आणि पाणी तुटते, मुळे मरू लागतात आणि त्याची खूण काही वर्षांनी शेंड्यावर दिसते. नाताळच्या ताऱ्यासाठी दरवर्षी ठोकलेले खिळेही त्यांनी आम्हाला मोजून दाखवले. एक फांदी पूर्वी आपणच कुऱ्हाडीने खोडालगत तासून काढली होती, तिथे कुजायला सुरुवात झाली होती. बंधू-भगिनींनो, फळ देत नाही म्हणून आपण ज्याला दोष देत होतो, त्याचा गळा आपणच आवळला होता.

मग त्यांनी खोड ठोकून पाहिले. खोड थोडे पोकळ झाले म्हणजे झाड पडणारच असे नसते, कारण बाहेरचे जिवंत लाकूड भार पेलते. पण बुंध्याशी अळंब्या उगवल्या, एका बाजूची माती उचलली गेली किंवा नवी भेग पडली, तर मात्र ते तोडावे, कारण खाली माणसे बसतात, असेही त्यांनी सांगितले. दाखल्यातील माळीही हे नाकारत नाही. वर्षभराने फळ आले नाही तर तोडावे, हे तो मान्य करतो. खरी माया धोका झाकून ठेवत नाही.

आम्ही झाडाभोवतीचे ब्लॉक काढले. मुळे दुखावू नयेत म्हणून माती हलक्या हाताने मोकळी केली. कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा खोडाला न भिडवता लांबवर पसरला. वाळलेल्या फांद्या करवतीने तीन टप्प्यांत काढल्या: आधी खालून अर्धवट काप, मग थोडे पुढे वरून काप, म्हणजे फांदी पडताना साल सोलत नाही, शेवटी उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कडीच्या बाहेरून कापायचा. त्याच कडीतून नवी वाढ येऊन जखम मिटते. झाडाची जखम माणसासारखी भरत नाही. झाड कुजलेला भाग आत कोंडून ठेवते आणि त्याच्याभोवती नवे लाकूड वाढवते. जुना घाव आतच राहतो, तरी झाड जगते. ज्यांनी मोठे दुःख पचवले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

झाडांचे ज्ञान मिळवणे हे चर्चला परके काम नाही. येशूसंघीय फादर सांतापाव मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवत. खंडाळ्याच्या वनस्पतींवर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. शहरी हद्दीत झाड तोडण्यासाठी परवानगी घ्यावी असा कायदा १९७५ सालापासून आपल्या राज्यात आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांच्या व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले आहे. पण ह्या सर्वांच्या कितीतरी आधी, शहराला वेढा घातला असतानाही फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये, अशी आज्ञा देवाने आपल्या प्रजेला दिली होती (अनुवाद २०:१९).

आता घराकडे वळू या. हेच दिवस मोहफुलांचे. अक्कलकुवा, धडगावपासून नवापूरपर्यंत पहाटे टोपल्या घेऊन माणसे मोहाखाली जातात. फुले वेचायला सोपे जावे म्हणून आपल्यातील काही जण खालचा पाला पेटवून देतात. ती आग बुंध्याची साल भाजते, वर्षानुवर्षे तिथेच ढोली पडते आणि खाली उगवलेली रोपे जळून जातात. कधी वारा सुटला की डोंगरच पेटतो. आजोबांनी राखलेल्या मोहाची फुले आपण वेचतो. आपल्या नातवंडांनी कोणत्या झाडाखाली जायचे? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात धरतीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले. सातपुड्यात तो मोहाच्या झाडाखाली ऐकू येतो. पाला झाडूने बाजूला सारा, जुनी साडी अंथरा, पण काडी लावू नका.

आणि ज्या माणसांना आपण ‘वाया गेला’ म्हणून सोडून दिले, त्यांचे काय? दारूत बुडालेला भाऊ, आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेल्यामुळे शाळेतून गळालेला मुलगा, माहेरी परत आलेली लेक. फळ कुठे आहे, असे आपण त्यांना विचारतो. त्यांच्या मुळांवर आपण काय अंथरले आहे, हे कधी वाकून पाहिले आहे का? त्यांच्यासाठी आणखी एक वर्ष मागायचे असेल, तर कुदळ आपल्यालाच उचलावी लागेल. प्रायश्चित्त संस्कारात आपण स्वतःसाठीही देवाकडे हीच मुदत मागतो.

आपल्या आंब्याने अजून काही उत्तर दिलेले नाही. यंदा भोवती दोरी बांधली आहे, मुले त्याखाली बसणार नाहीत. पुढच्या रविवारी प्रत्येक घराने एक घमेले कुजलेले खत आणावे, ही विनंती.

पुनरुत्थानाच्या सकाळी मरिया मग्दालियाने प्रभूला पाहिले, तेव्हा तिला तो माळी वाटला (योहान २०:१५). तिची फारशी चूक झाली नव्हती.

हे प्रभू येशू, आमच्यासाठी मुदत मागणाऱ्या माळ्या, आमच्या हातांना तुझ्या कुदळीची सवय लाव. आमेन.