एप्रिलवर सोपवलेली अकरावी

नीटचा क्रॅश कोर्स बोर्ड संपल्याच्या दुसऱ्या दिवशी लावू की आठवडाभर विश्रांती घेऊन लावू, असं विचारतोस? दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं, तुझं जर्नल अर्धं कोरं आहे, युनिट टेस्टला फिजिक्समध्ये पंचवीसपैकी नऊ आहेत, आणि तुला काळजी पडलीय ती मार्चमधल्या विश्रांतीची. बस त्या खुर्चीत. बस म्हणते ना, हे लवकर संपणारं नाही.

आधी दिवस मोज. तू मोजले नाहीस हे उघड आहे, मोजले असतेस तर हा प्रश्नच आला नसता. बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि मार्चच्या मध्यापर्यंत चालते. नीट मेच्या पहिल्या रविवारी. 2023 ला 7 मे, 2024 ला 5 मे, 2025 ला 4 मे. मधे उरतात सहा-सात आठवडे. त्यातून तुझी विश्रांती वजा कर. पाडवा, रामनवमी वजा कर. सीईटीचा पीसीबी ग्रुप अलीकडे एप्रिलमध्येच येतो, फार्मसी आणि ॲग्रीसाठी तो फॉर्मही तू भरणारच आहेस, म्हणजे तो दिवस आणि त्याच्या आदल्या दिवसाची धाकधूक वजा कर. एप्रिलात घरात एखादं लग्न निघतंच, आणि तू त्याला जातोस हे मागच्या वर्षी पाहिलंय मी. राहिले किती? बत्तीस, फार तर पस्तीस. एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या तिन्ही विषयांची मिळून प्रकरणं ऐंशीच्या घरात. भाग दे. रोज अडीच प्रकरणं, रविवार न पाळता. तुला आजवर आठवड्याला एक प्रकरण झेपलेलं नाही.

आणि त्या रोजच्या अडीच प्रकरणांत क्लासमध्ये नक्की काय होतं, ते तरी माहीत आहे का? पहिला आठवडा युनिट्स अँड डायमेन्शन्स आणि प्रोजेक्टाइलवर जातो, कारण नव्या बॅचसमोर सरांना स्वतःची छाप पाडायची असते. नमनालाच घडाभर तेल. मग वेळ संपत आला की खरी अवघड प्रकरणं दोन-दोन तासांत उरकतात. रोटेशनल मोशनला एक सकाळ. फळ्यावर मोमेंट ऑफ इनर्शियाचा तक्ता: रिंग, डिस्क, गोल, पोकळ गोल. तू तो वहीत उतरवून घेणार, फोटोही काढणार, आणि उतारावरून घरंगळणाऱ्या डिस्कला घर्षण कुठल्या दिशेला लागतं हे कुणी विचारलं की माझ्याकडे बघत बसणार. जूनमध्ये हेच प्रकरण मी नऊ तास घेऊन शिकवलं. राज्य बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकात ते पहिलंच आहे. तेव्हा तू म्हणालास, 'मॅडम, हे नीटचं नंतर बघू.' नंतर म्हणजे ही ती एक सकाळ.

पुस्तकांचा घोळही तुला ठाऊक नाही, म्हणून सांगते. तू ठरवलंयस, बारावी आत्ता कॉलेजात होते आहे, अकरावी क्रॅशमध्ये उरकू. पण आपल्या बोर्डाची अकरावी म्हणजे एनसीईआरटीची अकरावी नव्हे! रोटेशनल, फ्लुइड्स, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स आपल्याकडे बारावीत आहेत, तिकडे अकरावीत. उलट रे ऑप्टिक्स, आरसे आणि भिंगं, तिकडे बारावीत, आपल्याकडे अकरावीत होऊन गेलं. बायोलॉजीत रेस्पिरेशन-सर्क्युलेशन आणि कंट्रोल-कोऑर्डिनेशन आपल्या बारावीला, एनसीईआरटीच्या अकरावीला. क्रॅशचं वेळापत्रक एनसीईआरटीच्या क्रमाने छापलेलं असतं. तिथे 'बारावी' असा मथळा दिसला की तू निवांत होणार, हे झालंय म्हणून, आणि ज्या रे ऑप्टिक्सचं पान तू अकरावीत उघडलंही नाहीस ते तिथेच निसटून जाणार. अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, गुण कुठे धरतात, असं तुला कोणी सांगितलं? वरच्या वर्गातल्या पोरांनी. त्यातले किती जण आज मेडिकलला आहेत, हे विचारलंस का त्यांना?

तुझं दुसरं म्हणणं मला जास्त लागलं, कारण त्यात थोडी अक्कल आहे आणि ती तू आळसाच्या कामाला जुंपली आहेस. म्हणे आत्ता केलं तर मेपर्यंत विसरायला होतं, म्हणून परीक्षेच्या जवळ केलेलं बरं. विसरायला होतंच. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून हे स्वतःवरच मोजलं, 1885 मध्ये छापलं. पाठ केलेलं पहिल्या दिवसातच भराभर गळतं, मग गळती मंदावते. इथवर तू बरोबर. पण त्याच माणसाने दुसरीही गोष्ट मोजली. विसरल्यासारखं वाटणारं पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे नोव्हेंबरात शिकून फेब्रुवारीत विसरलेलं एप्रिलमध्ये पटकन परत येतं, आणि एप्रिलमध्ये पहिल्यांदाच शिकलेलं मेच्या पहिल्या रविवारपर्यंत सगळ्यात जोरात गळत असतं. क्रॅश कोर्स दुसऱ्यांदा शिकण्यासाठी असतो रे. पहिल्यांदा कधी शिकणार आहेस, हे तू मला सांगितलंच नाहीस, आणि खरं तर तेवढंच विचारायला यायला हवं होतं.

शिवाय तारखेवर असा हिशोब बांधू नये. 2020 ची परीक्षा 3 मेला होती, ती सरकत सरकत 13 सप्टेंबरला गेली. पुढच्या वर्षीही सप्टेंबर, त्याच्या पुढच्या वर्षी जुलै. ज्यांचा पाया पक्का होता त्यांनी ते महिने सरावाला वापरले. ज्यांनी सगळा दारूगोळा शेवटच्या चाळीस दिवसांसाठी राखून ठेवला होता, त्यांनी तो मेमध्येच उडवून टाकला आणि मग नुसते घरात बसले. पेपरचंही तसंच. 2024 ला 720 पैकी 720 घेणारे निघाले. 2025 ला फिजिक्स असं आलं की देशात पहिला आलेला मुलगा 686 वर थांबला. मागच्या वर्षीच्या पेपरवरून काय येणार ते ताडून शिकवणारे क्लास त्या दुपारी कुणाच्याही उपयोगी पडले नाहीत.

आता गुणांचं बघ, कारण तू अजून समजतोस की जास्त सोडवलं की जास्त मिळतं. 180 प्रश्न, 180 मिनिटं. बरोबरला चार, चुकलं तर एक वजा. समज तुला 110 खरोखर येतात. उरलेले सत्तर तू अंदाजाने रंगवलेस आणि सगळे चुकले, तर 440 मधून 70 गेले, 370. तेच तू वीसच ठिकाणी अंदाज मारून चुकलास आणि बाकीचे कोरे सोडलेस, तर 420. पन्नास गुण, एकही नवीन गोष्ट न शिकता. कुठला प्रश्न सोडायचा हे फळ्यावर शिकवता येत नाही, ते पेपर सोडवून सोडवून अंगात मुरतं, आणि त्याला महिने लागतात. तू काय करणार? सीईटीला निगेटिव्ह नाही म्हणून तिथे सगळ्यावर क्लिक करून येणार, आणि तोच हात घेऊन दोन-चार आठवड्यांत नीटची ओएमआर रंगवायला बसणार. जीवशास्त्राचे 90 प्रश्न तासाच्या आत उरकले नाहीत तर फिजिक्सला वेळ उरत नाही. तुला किती वेळ लागतो? माहीत नाही. कारण तू घड्याळ लावून कधी बसलाच नाहीस.

लातूरचंही सांगितलं मला तुझ्या आईने. मार्चमध्ये लातूरला पाठवायचं, खोली बघून ठेवलीय. लातूर पॅटर्न म्हणून जे नाव निघतं, ते आधी बोर्डाच्या गुणवत्ता यादीवर गाजलं, मग मेडिकलसाठी. त्यात जादू नाही. अकरावीपासून ठरल्या दिवशी परीक्षा, मग चुकांची उजळणी, मग पुन्हा परीक्षा. दोन वर्षं. तू त्यातले शेवटचे पाच आठवडे विकत घ्यायला निघालास. नवी खोली, मेसचं जेवण, एप्रिलमधलं मराठवाड्यातलं ऊन, सोबतीला चार पोरं जी दोन वर्षं तिथेच आहेत आणि पहिल्याच टेस्टला तुझ्या दुप्पट गुण घेतात. पहिले दहा दिवस घाबरण्यात जातील, पुढचे पाच पोट बिघडण्यात. तुझ्या आईला हे मी स्वतः सांगणार आहे. क्लासच्या दारावर 'मर्यादित जागा' लिहिलेलं पाहून ती हबकलीय. त्या जागा दरवर्षी मर्यादित असतात आणि दरवर्षी मार्च संपेपर्यंत मिळतात.

आणि 'यंदा नाही झालं तर रिपीट करीन', हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस. वयाची वरची अट आता नाही, हे खरं. रिपीट करून लागलेली माझी कितीतरी मुलं आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांनी निकाल हातात आल्यावर ठरवलं. तू नोव्हेंबरात ठरवतोयस. परीक्षेला सहा महिने असताना नापास व्हायची सोय लावून ठेवणारा पोरगा माझ्या पाहण्यात पहिलाच.

क्रॅश कोर्स वाईट असतो असं मी म्हटलं नाही. तोंड पाडू नकोस. बोर्ड संपल्यावर लाव, जरूर लाव, पण जिथे रोज पेपर होतो आणि तपासून परत मिळतो तिथे. पैसे भरण्याआधी त्यांना विचार, पेपर झाल्यावर चुका कोण समजावतं? भिंतीवर रँक लावतो असं उत्तर आलं तर उठून ये. आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यातही लेक्चर ठेवणारा क्लास नको. शेवटचे आठ-दहा दिवस तुझे एकट्याचे हवेत, तुझ्या चुकांच्या वहीसाठी. अशी वही तुझ्याकडे नाही, ती आजपासून घाल.

तोपर्यंत काय, तर आत्ता. जानेवारीत पूर्वपरीक्षा आहे, त्याआधी अकरावीतलं जे बुडवलंस ते काढायचं. सगळं नाही जमणार, खोटं सांगत नाही. ऑप्टिक्स, लॉज ऑफ मोशन, केमिकल बाँडिंग, मोल कन्सेप्ट आणि ॲनिमल किंग्डम एवढं धर. पूर्वपरीक्षेपासून बोर्ड संपेपर्यंत बोर्डच करायचं. पीसीबीला पन्नास टक्के नसतील, राखीव जागेला चाळीस, तर नीटचे गुण कितीही आले तरी कागदावरच राहतात, हे विसरणारेही दरवर्षी एकदोन निघतात. पण त्या दिवसांतही रोज जेवणाआधी तीस ऑब्जेक्टिव्ह, बायोलॉजीचे, वेळ लावून. झोप रात्रीची. नीट दुपारी दोन ते पाच असते, केंद्राचं दार दीडला बंद होतं, आणि तू दुपारी दोनला गाढ झोपलेला असतोस असं तुझीच बहीण सांगते. रात्री तीनपर्यंत जागून मेमध्ये दुपारी दोनला डोकं चालणार नाही.

रविवारी दुपारी पावणेदोनला फिजिक्सच्या लॅबमध्ये ये. 2025 चा अख्खा पेपर आहे माझ्याकडे, ओएमआरही काढून ठेवलीय. मोबाईल घरी. काळ्या शाईचा बॉलपेन आण, पेन्सिल चालत नाही. पाच वाजता मी तपासायला घेईन आणि किती वजा झाले ते तुझ्या समोर मोजू. क्लासची तारीख कोणती, ते त्यानंतर बोलू. आणि येताना ते जर्नल पूर्ण करून आण, प्रॅक्टिकलच्या गुणांवर उदार होण्याचं माझं वय राहिलेलं नाही.